भन्साळींच्या ‘पद्मावत’च्या आधी पॅरिसमध्ये ‘पद्मावती’ रचणारा, आणि वेरूळच्या लेण्यांवर ऑर्केस्ट्राची रचना लिहिणारा फ्रेंच माणूस : आल्बेर रूसेल

2018 च्या जानेवारीत ‘पद्मावत’ रिलीज झाला तेव्हा काय काय झालं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. मोर्चे, बंद, सिनेमाच्या नावातलं शेवटचं अक्षर उडालं, त्याआधी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर सेट जाळला गेला. पण या गदारोळात एक गोष्ट फारशी कुणी बोललं नाही. संजय लीला भन्साळींनी हीच कथा त्याच्या जवळपास दहा वर्षं आधी, 2008 च्या मार्चमध्ये, पॅरिसमध्ये रंगमंचावर आणली होती. शातेले नावाच्या जुन्या थिएटरात. गाणारे युरोपातले, भाषा फ्रेंच, आणि स्टेजवर चक्क हत्ती.

तो ऑपेरा भन्साळींचा नव्हता. त्यांनी फक्त बसवला होता. त्याचं संगीत लिहिलं होतं आल्बेर रूसेल नावाच्या फ्रेंच संगीतकाराने, आणि तो पॅरिसच्या मुख्य ऑपेरात पहिल्यांदा सादर झाला होता 1 जून 1923 ला.

आता तुम्ही म्हणाल, फ्रेंच माणसाचं आपल्याशी काय देणंघेणं? तर हा माणूस 1909 मध्ये बायकोला घेऊन मुंबईत उतरला होता आणि वेरूळला गेला होता. तिथे जे पाहिलं त्यावर त्याने ऑर्केस्ट्रासाठी मोठी रचना लिहिली. आपल्याकडे पहूरच्या चौफुलीवर उभं राहिलं की एक रस्ता सरळ अजिंठ्याकडे जातो. वीसेक किलोमीटरवर फर्दापूर, मग घाट, वर सिल्लोड, पुढे फुलंब्री, खुलताबाद आणि वेरूळ. सहलीला हा रस्ता आपण शाळेपासून तुडवलेला. पण त्या लेण्यांवर पॅरिसमध्ये शंभरावर वर्षांपूर्वी संगीत वाजलं होतं, हे आपल्याला कुठल्याच गाईडने सांगितलेलं नसतं.

त्यामुळे हा भिडू नीट समजून घेऊ.

नौदलातला पोरका मुलगा

रूसेलचा जन्म 5 एप्रिल 1869 चा. गाव तुर्क्वाँ, फ्रान्सच्या अगदी उत्तरेला, बेल्जियमच्या सीमेला लागून. कापड गिरण्यांचं गाव. म्हणजे आपल्याकडचं अमळनेर किंवा धुळं समजा, फक्त पाऊस जास्त. घर पैशाने बरं होतं, पण नशीब वाईट. वर्षाचा व्हायच्या सुमारास वडील गेले, आठव्या वर्षी आई गेली. आजोबांनी सांभाळलं, ते गावचे नगराध्यक्ष. मुलगा अकरा वर्षांचा असताना तेही गेले. पुढे आईकडच्या नातेवाइकांनी वाढवलं.

या पोराला दोनच गोष्टींचं वेड होतं, गणित आणि समुद्र. पियानो यायचा, पण तो घरातल्या सगळ्याच मुलांना शिकवतात तसा. 1887 मध्ये तो नौदलाच्या शाळेत दाखल झाला आणि अधिकारी झाला. जहाजावरून पूर्वेकडे, आजच्या व्हिएतनामपर्यंत जाऊन आला. जहाजावर वेळ मिळेल तसं काहीबाही संगीत लिहायचा.

इथे त्याच्या आयुष्यातला सगळ्यात भारी किस्सा येतो. नौदलातला त्याचा एक सहकारी होता, काल्व्हे नावाचा. तो म्हणाला, तुझी रचना दे, मी पॅरिसला जाऊन एदुआर कोलोनला दाखवतो. कोलोन म्हणजे त्या काळचा पॅरिसमधला बडा ऑर्केस्ट्रा संचालक. काही दिवसांनी काल्व्हे परत आला आणि म्हणाला, कोलोनसाहेबांनी सांगितलंय, या पोराने नौदल सोडावं आणि आयुष्य संगीताला द्यावं.

रूसेलला पंख फुटले. पुढे कळलं की काल्व्हेने कोलोनला काही दाखवलंच नव्हतं, निरोप त्याने स्वतःच बनवला होता. मित्राने मारलेली थाप, पण लागू पडली. 1894 मध्ये, वयाच्या पंचविशीत, रूसेलने राजीनामा दिला. पक्की सरकारी नोकरी सोडून संगीत शिकायला निघालेल्या मुलाला आपल्याकडे घरचे काय म्हणतील ते सांगायला नको.

पॅरिसमध्ये तो आधी ऑर्गनवादक युजेन जिगू यांच्याकडे शिकला. मग 1898 पासून व्हँसाँ दँदी यांच्या ‘स्कोला कांतोरम’ या संस्थेत. तिथला अभ्यास कडक, जुन्या चर्चसंगीतापासून सगळं घोटून घ्यायचे. 1902 मध्ये तो तिथेच शिकवायला लागला. विषय काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी दोन-तीन स्वतंत्र सुरावटी चालवायच्या आणि तरी त्या एकमेकींना धरून राहिल्या पाहिजेत, ही विद्या. आपल्याकडे एक गायक, मागे तंबोरा आणि साथीला पेटी असं चालतं, त्यामुळे ही कल्पना आपल्या कानाला लगेच पटत नाही. पण पाश्चात्त्य संगीताचा तो कणा आहे.

त्याच्या वर्गात कोण बसायचं बघा. एरिक साती हा पियानोकार. त्याचं ‘जिम्नोपेदी’ तुम्ही कुठल्या ना कुठल्या रीलच्या मागे ऐकलेलंच आहे. साती तेव्हा चाळिशीला टेकलेला, आणि मास्तरपेक्षा तीन वर्षांनी मोठा! दुसरा एडगार व्हारेझ, जो पुढे नुसत्या तालवाद्यांवर आणि भोंग्यांवर रचना करून लोकांना चक्रावून सोडणार होता. नंतर चेक संगीतकार मार्टिनूही त्याच्याकडे शिकला. इतके वेगवेगळे शिष्य एका गुरूच्या हाताखालून गेले आणि एकानेही गुरूची नक्कल केली नाही. मला तरी हे त्याचं मोठं काम वाटतं.

हनिमून थेट वेरूळला

1908 मध्ये रूसेलचं लग्न झालं, ब्लांश प्राइसाख हिच्याशी. दुसऱ्या वर्षी दोघं लांबच्या प्रवासाला निघाले. मुंबई, वेरूळ, चित्तोड, जयपूर, बनारस, मग सिलोन आणि शेवटी कंबोडियातलं अंगकोर. वयाने तो चाळिशीचा.

तेव्हाचं वेरूळ डोळ्यासमोर आणा. सगळा मुलूख निजामाचा. मनमाडहून औरंगाबादकडे जाणारी रेल्वे सुरू होऊन जेमतेम नऊ वर्षं झालेली. पहूरवरून जाणारी आपली पाचोरा-जामनेरची ‘पीजे’ अजून यायची होती. हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं सुरू झालं 1914 मध्ये, म्हणजे तेही नव्हतं. तिकीट खिडकी नाही, फ्लडलाइट नाहीत, बसगाड्या नाहीत. डोंगराच्या कड्यात एका रांगेत खोदलेली 34 लेणी, बौद्ध, हिंदू आणि जैन, आणि मधोमध 16 नंबरचं कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं. वरून खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळ.

परत गेल्यावर 1910 आणि 1911 मध्ये रूसेलने ‘एव्होकासिआँ’ ही रचना लिहिली. शब्दाचा अर्थ आवाहनं, किंवा मनात जागं करणं. तिचे तीन भाग. पहिल्याचं नाव मराठीत ‘गुहांच्या सावलीतले देव’, ते वेरूळ. दुसरा ‘गुलाबी शहर’, तो जयपूर. तिसरा ‘पवित्र नदीच्या काठी’, तो बनारस. पहिले दोन फक्त वाद्यांचे. तिसऱ्यात गायक आणि मोठा कोरसही आहे, त्याचे शब्द कालव्होकोरेसी या समीक्षकाने लिहिले. बनारसच्या घाटावर एका तरुण फकिराला गाताना रूसेलने ऐकलं होतं, त्याची सुरावट या भागात आल्याचं सांगितलं जातं. सगळं मिळून साधारण पाऊण तासाचं काम. 18 मे 1912 ला पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला आणि रूसेलचं नाव झालं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. तोपर्यंत फ्रान्समध्ये हिंदुस्थानावर संगीत लिहिणं ही फॅशनच होती. बिझेने 1863 मध्ये सिलोनच्या मोती काढणाऱ्यांवर ऑपेरा लिहिला. मासनेने 1877 मध्ये लाहोरच्या राजावर. दलीबने 1883 मध्ये ‘लाक्मे’ लिहिला, त्यातलं दोन बायकांचं गाणं विमान कंपनीच्या जाहिरातीमुळे जगभर पोचलं. यातले कुणी हिंदुस्थानात आले नव्हते. पुस्तकं वाचली, चित्रं पाहिली, थोड्या घंटा, थोडी बासरी, झाला हिंदुस्थान तयार. आपल्या सिनेमात स्वित्झर्लंड दाखवायचं तर बर्फ आणि गायी दाखवतात, तसंच.

रूसेल मात्र इथे आला, फिरला, कान उघडे ठेवून सुरावटी वहीत टिपल्या. आणि मजा म्हणजे एवढं करूनही त्याने वेरूळच्या भागात कुठलाही राग वगैरे वाजवला नाही. सतार नाही, तबला नाही. सगळी वाद्यं युरोपातलीच. भागाच्या नावातसुद्धा ‘वेरूळ’ हा शब्द नाही. आपण पाहुणे होतो, दोन-चार आठवड्यांत इथलं गाणं आपल्याला कळलं असा आव आणायचा नाही, असा तो मार्ग दिसतो. जे झालं ते त्याच्या मनावर, आणि लिहिलं तेही तेवढंच.

पण म्हणून त्याला पूर्ण मार्क द्यायचे का? इथे मी थोडा अडतो. ‘गुहांच्या सावलीतले देव’ हे नाव बघा. अंधार, गूढ, सावलीत दडलेले देव. युरोपातून आलेल्या माणसाला पूर्वेकडे आल्यावर हेच दिसायचं आणि हेच पाहिजे असायचं. आपण वेरूळला जातो तेव्हा कैलास लेणं आपल्याला अंधारात दिसत नाही. ते उघड्या आभाळाखाली आहे, दुपारी बाराला दगड तापलेला, पोरं हत्तीच्या पुतळ्यापाशी फोटो काढतायत, कुणीतरी डबा उघडलाय. देव आपल्यासाठी गूढ नाहीत, शेजारच्या घृष्णेश्वराला हार घालून आपण पुढे निघतो. अंधार आहे तो गाभाऱ्यात, आणि 29 नंबरच्या धुमार लेण्यासारख्या खोल लेण्यांत. तिथे डोळे सरावायला वेळ लागतो आणि मग भिंतीवरचा शिव हळूहळू पुढे येतो. रूसेलने नेमका हा क्षण धरला, बाकीचं वेरूळ सोडून दिलं. त्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की तो क्षण खोटा नाही.

संगीतही तसंच चालतं. सुरुवात अगदी खालच्या, मंद सुरांत. काही दिसत नाही, फक्त हालचाल जाणवते. मग ताल घट्ट होत जातो, वाद्यं वाढत जातात, नाचासारखं काहीतरी उभं राहतं आणि मोठ्या आवाजात फुटतं. शेवटी पुन्हा अंधार. वेरूळच्या भिंतींवरचा तांडव करणारा शिव ज्याने पाहिलाय, त्याला तो मधला भाग कुठून आला ते सांगावं लागणार नाही.

चित्तोडची राणी

त्याच प्रवासात त्याने चित्तोडचा पडका किल्ला पाहिला होता. पुढे ऑपेराचा विषय शोधताना लुई लालुआ हा अभ्यासक मित्र मदतीला आला. तेओदोर पाव्ही नावाच्या फ्रेंच संस्कृतज्ञाने पद्मिनीची कथा 1856 मध्ये फ्रेंचमध्ये आणली होती, लालुआने त्यावरून शब्द लिहिले.

मूळ कथा आपल्याला माहीत आहे. 1303 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने चित्तोड घेतलं, आणि त्यानंतर दोनशेवर वर्षांनी मलिक मुहम्मद जायसीने ‘पद्मावत’ हे काव्य लिहिलं. रूसेलच्या ऑपेरात मात्र गोष्ट वळण घेते. अल्लाउद्दीन तहाच्या बोलणीसाठी पाहुणा म्हणून चित्तोडला येतो. नाच होतात. मग तो राणीला पाहायचा हट्ट धरतो आणि रतनसेन तिला सज्ज्यात आणून दाखवतो. अल्लाउद्दीन निघून जातो आणि मागे राहिलेला ब्राह्मण मागणी सांगतो, तहाची किंमत पद्मावती. लोक त्या ब्राह्मणाला ठार मारतात. दुसरा अंक शंकराच्या देवळात. चित्तोड पडायला आलंय, रतनसेन जखमी आहे. आणि तो राणीला म्हणतो, लोकांचा जीव वाचवायचा तर तू त्याच्याकडे जा.

पद्मावती नवऱ्याला भोसकते. हे पाप त्याच्या हातून होऊ नये म्हणून. मग ती त्याच्याबरोबर चितेवर जाते, आणि अल्लाउद्दीन देवळात घुसतो तेव्हा त्याला नुसता धूर दिसतो.

2018 च्या सिनेमावरून जे भांडले त्यांनी हा शेवट पाहिला असता तर काय झालं असतं, कल्पना करा. रतनसेन इथे शूरवीर नाही, परिस्थितीपुढे मोडलेला राजा आहे. निर्णय घेते ती राणी. सती जाण्याचं सुंदर चित्र उभं करणं आज खटकतं, खटकायलाच पाहिजे. पण रंगमंचावर दुसऱ्या अंकात जो ताण तयार होतो तो खरा आहे.

या ऑपेराला मधे दहा वर्षं का लागली? तर 1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. रूसेल तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा, तब्येत नरम, नौदलाने परत घेतलं नाही. तर हा गडी रेडक्रॉसची गाडी चालवायला गेला. मग तोफखान्याच्या वाहतुकीत अधिकारी झाला आणि व्हर्दँच्या लढाईच्या भागात राहिला, जिथे लाखो माणसं मेली. 1918 मध्ये तब्येतीमुळे घरी पाठवलं, तेव्हा त्याने राहिलेली ‘पद्मावती’ पुरी केली. वेढा पडलेल्या शहराची गोष्ट आधी सुरू केली होती, पण ती संपवली तोफांच्या आवाजातून आल्यावर.

श्री रागाची बासरी

भारत त्याच्या कानातून गेला नाही. 1924 मध्ये त्याने बासरी आणि पियानोसाठी चार छोट्या रचना केल्या, ‘बासरी वाजवणारे’ या नावाने. पहिला ग्रीकांचा देव पॅन, दुसरा जुन्या लॅटिन काव्यातला गुराखी, चौथा एका फ्रेंच कादंबरीतला. आणि तिसरा कोण? कृष्ण.

या ‘कृष्ण’मध्ये त्याने जी स्वरपट्टी वापरली ती आपल्या श्री रागाशी जुळणारी मानली जाते. म्हणजे रिषभ आणि धैवत कोमल, मध्यम तीव्र. संध्याकाळी सूर्य मावळताना गातात तो राग. अर्थात स्वर तेच असले म्हणून राग होत नाही, हे कुठलाही गाणारा सांगेल. श्रीमध्ये रिषभावर जसं थांबायचं, पंचमावरून जसं खाली यायचं, ते इथे नाही. पाश्चात्त्य बासरीवर मीडही आपल्यासारखी निघत नाही. तरी ऐकताना कान टवकारतात. ओळखीचा माणूस परक्या गावात, परक्या कपड्यात भेटावा तसं होतं.

त्याच काळातला मॉरिस दलाज हा फ्रेंच संगीतकार उलट बाजूने गेला. तोही 1912 च्या सुमारास भारतात आला होता. त्याने इमदाद खाँ यांच्या सतारीची तबकडी ऐकून ‘लाहोर’ नावाच्या गाण्यात चेलोवर बोटं घसरवत मीड काढायचा प्रयत्न केला. ऐकायला दलाज जास्त ‘भारतीय’ वाटतो, रूसेल जास्त टिकतो. हे माझं मत, तुम्ही दोघांना ऐकून ठरवा.

मग नाव का विसरलं गेलं?

सोपं कारण म्हणजे शेजारी. एका बाजूला सात वर्षांनी मोठा दब्युसी, दुसऱ्या बाजूला सहा वर्षांनी लहान राव्हेल. या दोघांच्या मधे जन्मलेल्या माणसाची पंचाईत होणारच. आपल्याकडे लता आणि आशाच्या मधल्या काळात गाणाऱ्या कितीजणी चांगल्या होत्या आणि किती आठवतात, बघा.

शिवाय रूसेल एका जागी थांबला नाही. ‘कोळ्याची मेजवानी’ हे 1913 चं बॅले हलकंफुलकं, बागेतल्या किड्यांवरचं. त्याच्या मागेपुढे भारत. मग युद्धानंतर त्याचं संगीत कडक झालं, ताल ठोकून पुढे जाणारं, रंगापेक्षा हाडं दाखवणारं. बॉस्टनच्या सिंफनी ऑर्केस्ट्राला पन्नास वर्षं होत होती, त्यासाठी त्याला तिसरी सिंफनी लिहायला सांगितली. तो स्वतः अमेरिकेला गेला आणि ती तिथे ऐकली. 1931 चं ‘बाखुस आणि आरियान’ हे बॅले आज त्याचं सर्वात जास्त वाजणारं काम असावं. दुकानाची एकच पाटी नसली की गिऱ्हाईक गोंधळतं. तसंच झालं.

1922 पासून तो नॉर्मंडीत, व्हारंजव्हिलजवळ समुद्राकाठी राहायला गेला. 23 ऑगस्ट 1937 ला वारला. व्हारंजव्हिलचं चर्च समुद्राच्या कड्यावर आहे आणि नौदल सोडलेल्या या माणसाची कबर तिथेच आहे, लाटांच्या आवाजात.

ऐकायचं असेल तर ‘एव्होकासिआँ’चं 2018 मध्ये आलेलं यान पास्काल तोर्तेलिए आणि बीबीसी फिलहार्मोनिकचं रेकॉर्डिंग ऑनलाइन सापडेल. ‘पद्मावती’साठी मिशेल प्लासों यांचं, त्यात राणीचं काम मॅरिलिन हॉर्नने गायलंय. एवढा वेळ नसेल तर ‘कृष्ण’पासून सुरुवात करा, चारेक मिनिटांत होतो. आणि पुढच्या वेळी पहूरवरून घाट चढून वेरूळला जाणार असाल, तर पहिला भाग मोबाइलमध्ये भरून घ्या. धुमार लेण्याच्या आत, गर्दी पोचण्याआधी, इअरफोन लावून ऐकण्यासारखा आहे. स्पीकरवर नको, तिथल्या वटवाघळांना त्रास होतो.